हिच्या गुडघ्यांना मानवलेली हवा

३ डिसेंबर

आलो एकदाचे. गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या अंगात बनियन, त्यावर सदरा, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा, गळ्यात मफलर आणि डोक्यावर कानटोपी होती. आमच्या डोंगरातल्या गावी या दिवसांत याला साधे कपडे म्हणतात. इथल्या हमालाने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी गादीसकट उठून आलोय. रिक्षात बसेपर्यंत मफलर गेला, वळणावर समुद्र दिसला तेव्हा एक स्वेटर गेला, आणि घराच्या फाटकाशी मी कानटोपीने घाम पुसत होतो.

रोज काहीतरी लिहा, म्हणजे दुकानाची आठवण येणार नाही, असं म्हणून हिने मला ही वही घेऊन दिली आहे. तर पहिली आठवण दुकानाचीच. डिसेंबर म्हणजे गरम कपड्यांच्या दुकानाचा ऐन हंगाम. भरल्या पंगतीतून वाढप्यानेच उठून जावं तसा मी आलोय. पण करतो काय? हिचे गुडघे.

झालं असं, की गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे मीच गेलो होतो. माळ्यावरून गठ्ठे काढताना जरा दम लागायचा, म्हणून. त्यांनी छातीला तारा लावल्या, कागदाची लांबलचक पट्टी काढली आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा, बाईंना आत पाठवा." मी सदऱ्याची बटणं लावली, तिथल्या मासिकातलं शब्दकोडं जवळजवळ सोडवलं, तरी ही बाहेर येईना. आली तेव्हा डोळे लाल.

"काय गं?"

"माझे गुडघे," ती म्हणाली. "झिजलेत म्हणतात. हा हिवाळा दक्षिणेला समुद्राकाठी काढायला हवा. नाहीतर काही खरं नाही."

"आणि माझं काय म्हणाले?"

"तुम्ही ठणठणीत आहात."

इतकी वर्षं संसार केला, पण गुडघ्यांबद्दल या बाईने कधी चकार शब्द काढला नव्हता. सोशिकपणाची कमाल आहे. दुकान चिरंजीवांच्या हाती सोपवलं आणि निघालो. देव त्या दुकानाचं भलं करो.

६ डिसेंबर

दोन खोल्या, लाल गुळगुळीत फरशी, हिरव्या पट्ट्यांच्या खिडक्या आणि पुढे ओसरी. कुंपणावर बोगनवेल अशी अंगावर येते, की फाटक उघडायच्या आधी तिची परवानगी घ्यावी लागते. बरोबर वरच्या मजल्यावर अख्खा समुद्र दिसणारी खोली रिकामी आहे. मी म्हणालो, ती घेऊ.

घरमालकीण गोल आहे, गोड आहे आणि बोलायला लागली की थांबत नाही. म्हणाली, "मीसुद्धा तेच सुचवलं होतं! पण तुमच्या मिसेसनी फोनवर निक्षून सांगितलं, एकही पायरी नको. म्हणाल्या, यांना..." तेवढ्यात हिला जोराचा ठसका लागला. पाणी आणलं, पाठ चोळली आणि तो विषय राहूनच गेला.

पहाटे उठून ओसरीत बसलो. आमच्याकडे पहाटेची हवा नाक कापते. इथली हवा नुकत्याच वाळलेल्या मलमलीसारखी, अंगाला लागते न लागते अशी. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि फुलांचा वास घेऊन जातो. दहाच्या सुमारास घटकाभर थांबतो, विचार करतो आणि उलटा फिरून खारा होऊन परत येतो. दुपारी झोप लागते ती याच वाऱ्यावर. डिसेंबरात घाम येतो आणि त्याची लाजही वाटत नाही, असा हा प्रदेश.

११ डिसेंबर

डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे हिला रोज वाळूवर चालवायचं असतं. सपाट वाट, शेजारी सुरूची झाडं, जागोजागी बाक. ही प्रत्येक बाकाशी थांबते. "अहो, जरा टेकू या." मग मीही टेकतो. एकटीला बसवून उभं राहणं बरं दिसत नाही. आज तर मी थोडा घामाघूम झालो होतो, नेमकी तेव्हाच हिच्या गुडघ्यात कळ उठली. योगायोग बरा होता.

पण हट्टी बाई! पाण्याची बाटली, छत्री, चटई, सगळी पिशवी स्वतःच उचलते. मी हात पुढे केला की दुसऱ्या खांद्यावर घेते. म्हटलं, "अगं, गुडघे तुझे दुखतात."

"गुडघे दुखतात, खांदे नाही दुखत," ती म्हणाली.

जेवणात मीठ जवळजवळ बंद झालंय. तेही गुडघ्यांसाठी. गुडघ्यांचा आणि मिठाचा काय संबंध देव जाणे, पण बायकांच्या वैद्यकात आपण नाक खुपसू नये. सोबत म्हणून मीही अळणी खातो. एवढा मोठा खारट समुद्र समोर आणि ताटात मिठाचा कण नाही!

१२ डिसेंबर

दिवसभर ओसरीत. समुद्र जिथे होता तिथेच आहे.

२० डिसेंबर

चिरंजीवांचा फोन. मी विचारलं, खिडकीत लाल शाली लावल्या का? जाड मोजे पुढच्या फळीवर घेतले का? "हो बाबा, हो बाबा." उंटावरून शेळ्या हाकतोय असं माझं मलाच वाटायला लागलं. मग तो म्हणाला, "बाबा, गोळी घेता ना रोज?"

"कुठली?"

"ती... आई देते ती. ताकदीची."

घेतो. सकाळी चहाबरोबर एक छोटी पांढरी गोळी. ही मला देते, माझा मुलगा तिची चौकशी करतो, आणि ठणठणीत माणसाला ताकदीची गोळी कशाला असं मी विचारलं की दोघंही हवापाण्यावर बोलायला लागतात. मुलं मोठी झाली की आईबापांना म्हातारं करून टाकतात.

२९ डिसेंबर

आज मी स्वेटर पेटीत घातले. घडी घालून, मध्ये कागद घालून, नीट. हात जरा जड झाला खरा. मग बाजारातून पातळ सुती सदरा आणला, अर्ध्या बाह्यांचा, फिकट पिवळा. घातला आणि आरशात पाहिलं तर आपलाच कुणीतरी धाकटा भाऊ उभा आहेसं वाटलं. घरमालकीण म्हणाली, "आता दिसलात माणसासारखे."

समुद्राबद्दल माझा एक गैरसमज होता. तो निळा असतो असं मला वाटायचं. समुद्र निळा असतो असं म्हणणं म्हणजे लोकर पांढरी असते असं म्हणण्यासारखं आहे. ज्याने दुकानात आयुष्य काढलं त्यालाच ठाऊक, एका पांढऱ्यात किती पांढरे असतात. सकाळी हा समुद्र राखी असतो, वर चांदीचा एकच धागा. ऊन वर आलं की काठाशी कच्च्या पपईसारखा हिरवट आणि लांबवर शाईसारखा गडद होतो. दुपारी त्याच्यावर नजर ठरत नाही. आणि संध्याकाळी जे काही होतं, तो रंग मी आजवर कापडाच्या कुठल्याही थानात पाहिला नाही. पाहिला असता तर विकला नसता.

ओल्या वाळूवर खेकडे इतक्या बारीक गोळ्यांची नक्षी काढतात, की आमची भरतकाम करणारी बाई पाहील तर नोकरी सोडेल. लाट येते, सगळं पुसते. ते पुन्हा सुरू करतात. हंगाम नाही, उधारी नाही.

११ जानेवारी

मला इथे बरी झोप लागते. हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण गावी मी छपराकडे बघत पडून असायचो, आणि त्याला झोप म्हणायचो.

आजकाल मी गुणगुणतो असं ही म्हणते. मला कळत नाही. बाकांवर थांबणंही कमी झालंय. आज आम्ही होड्या ओढून ठेवतात तिथपर्यंत न थांबता गेलो. एकूण हवा हिच्या गुडघ्यांना मानवली. आणि सोबतीने माझाही जरा फायदा झाला असेल, नाही म्हणत नाही.

काठावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उतरलाय. घरमालकीण म्हणाली, "थंडी पडली की उत्तरेकडून येतात. तुमच्यासारखेच." मी म्हटलं, "त्यांचंही दुकान असेल तिकडे." ही इतकी हसली, इतकी हसली की डोळे पुसायला लागली. विनोद एवढा काही मोठा नव्हता.

२३ जानेवारी

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

फिरताना वारा अचानक वाढला आणि माझी टोपी उडाली. नवी, गवती टोपी. ती वाळूवरून चाकासारखी गरगरत सुटली. मी धावायला पाऊल उचललं, तेवढ्यात ही ओरडली, "थांबा! तुम्ही नाही!" आणि स्वतः धावली.

धावली म्हणजे काय धावली! पिशवी टाकली, चपला टाकल्या. एका ओंडक्यावरून उडी मारली. लाटेच्या आधी टोपी गाठली आणि ती हातात उंच धरून माझ्याकडे वळली तेव्हा तोंडभर हसत होती. लग्नाच्या आधी मी तिला पाहायला गेलो होतो तेव्हाही अशी हसली नव्हती.

मग माझा चेहरा पाहिला आणि एकदम खाली बसली. "आई गं," म्हणाली आणि गुडघा चोळायला लागली. उजवा. काल डावा दुखत होता.

२४ जानेवारी

विचार केला आणि उलगडा झाला. ही बरी झाली! हवेने काम केलं. सकाळी चहा घेताना जाहीर केलं, "आवर. आता घरी जाऊ. फेब्रुवारीचा हंगाम तरी हाती लागेल."

वाटलं होतं, आनंदेल. तिच्या हातातला कप बशीवर वाजला. "मार्चपर्यंत राहू या ना," म्हणाली. "तिकडे अजून बर्फ आहे."

"बर्फ आहे म्हणून तर स्वेटर विकले जातात!"

तिने कप-बशी गोळा केली. मग कण्हत कण्हत उठली. पण काल ओंडक्यावरून उडी मारलेल्या बाईचं कण्हणं कुणाला पटणार?

२ फेब्रुवारी

भांडलो. कडाडून.

निमित्त सूनबाईच्या फोनचं. मी म्हटलं, आम्ही येतो आठवड्याभरात. ती गडबडून म्हणाली, "नको बाबा, इतक्यात येऊ नका!" आणि फोन घाईने चिरंजीवांकडे दिला. तो म्हणे, दुकानाची जरा मांडणी बदलतोय. मधला माळा काढून टाकला. सगळा माल खाली आणला. मला न विचारता!

तेव्हा सगळे टाके एकदम उसवले. कुणाचे गुडघेबिडघे दुखत नव्हते. मला दुकानातून काढायचं होतं. म्हातारा अडगळीचा झाला, नेऊन ठेवा समुद्राकाठी, आणि तोंडाला पानं पुसायला ताकदीची गोळी.

मी हिला हे सगळं तोंडावर विचारलं. "खरं सांग. तुझे गुडघे दुखतात?"

शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून हिने खिडकी लावून घेतली. "नाही," म्हणाली.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला इथे आणून टाकलं."

"हो," ती म्हणाली. "आणलं." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

उद्याच्या बसचं तिकीट काढलंय. एकाचंच.

६ फेब्रुवारी

हे इस्पितळातल्या खाटेवरून लिहितोय. लहानसंच आहे, खिडकीत पपईचं झाड आहे. अक्षराला हसू नये.

तीन तारखेला मी तावातावाने निघालो. ही दारात उभी होती, मी वळून पाहिलं नाही. बसचा थांबा टेकाडावर आहे. रिक्षा नको म्हटलं, चाललो. पेटीत स्वेटर, डोक्यावर ऊन. वारा उलटा फिरण्याआधीची ती घटका होती, पान हलत नव्हतं.

अर्ध्या चढावर छातीला काहीतरी झालं. दुखणं म्हणता येणार नाही. लहानपणीचा स्वेटर कुणीतरी जबरदस्तीने आता अंगात चढवावा, आणि बाह्या आवळून धराव्यात, तसं. पेटी हातातून सुटली. मी एका घराच्या पायरीवर बसलो. समोर समुद्र लखलखत होता आणि मला त्याचा रंग सांगता येत नव्हता.

आणि ही आली. हाक मारली नव्हती, निरोप धाडला नव्हता. घरापासून माझ्या मागे मागेच येत होती. मला दिसू नये म्हणून झाडांच्या आडून, हातात पाण्याची बाटली आणि मुठीत गोळी. चढ अशी पळत आली की काय सांगू. "तोंड उघडा. जीभ वर." गोळी जिभेखाली. माझं डोकं तिच्या खांद्यावर. "हळू श्वास घ्या. मी आहे. हळू." आवाज अगदी शांत. फक्त तिचं काळीज माझ्या कानाशी धाडधाड वाजत होतं. तेव्हा वाटलं, आपल्या दोघांपैकी आजारी कोण?

मग उत्तर आपोआपच आलं.

९ फेब्रुवारी

इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हसऱ्या आहेत. म्हणाल्या, "दोन महिने हवा, चालणं, कमी मीठ, झालं म्हणून निभावलं. नोव्हेंबरातलं हृदय घेऊन तो चढ चढला असतात तर माझी तुमची ओळख झाली नसती."

त्या गेल्यावर मी हिला म्हटलं, "मला सांगायचं तरी."

"सांगून काय झालं असतं?"

"आलो असतो."

"खोटं नका बोलू आजारपणात," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, थंडी नको, चढ नको, जिने नको, दगदग नको. मला सरळ दिसलं, तुम्ही म्हणणार, हंगाम संपला की बघू. ताप अंगात घेऊन तुम्ही दुकान उघडलंय. स्वतःसाठी कधी एक सुट्टी घेतली नाहीत. माझ्यासाठी मात्र याल, हे मला माहीत होतं."

"इतकी खात्री?"

"माझं बाळंतपण होतं तेव्हा तुम्ही डिसेंबरात दुकान बंद ठेवलं होतंत," ती म्हणाली. "तेवढं एकदाच. म्हणून मग गुडघे."

मी पाठीमागची उशी सरळ केली. मग विचारलं, "आणि तो माळा?"

"तो तुमच्यासाठीच काढला त्याने. तुम्ही परत आलात की शिडी चढायला नको म्हणून. तुमच्या लेकाला वाटलं, तयार झाल्यावर दाखवू."

मी माझं तोंड भिंतीकडे केलं. उन्हाचा त्रास होत होता.

२६ फेब्रुवारी

घरी, म्हणजे ओसरीत. चिरंजीवांना फोन केला आणि म्हटलं, मांडणी छान केलीस. पलीकडे त्याने गल्ला बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "लाल शाली संपल्या, बाबा." मी म्हटलं, "संपू देत."

मार्चनंतरही इथेच राहायचं आम्ही ठरवलंय. पावसाळ्यात इथे कसं असतं ते बघायचं. घरमालकीण म्हणते, भिंतींना शेवाळ येतं आणि माणसांना कविता सुचतात. बघू आधी काय येतं ते.

१४ मार्च

समोरच्या बेटावर या दिवसांत हजारो पक्षी घरटी करतात म्हणे. घरमालकिणीच्या भावाची होडी आज तिकडे जाणार होती. पाण्यातून चालत होडीत चढायचं, खडकांवरून वर जायचं. मला सक्त मनाई. ही म्हणाली, "मग मीही नाही जात."

माझ्या लक्षात आलं, की हा सबंध हिवाळा या बाईने माझ्या चालीने काढलाय. जिथे धावता आलं असतं तिथे कण्हली. आवडतं लोणचं-पापड सोडून अळणी खाल्लं. समोर एवढा समुद्र असून कधी गुडघाभर पाण्यातही शिरली नाही, कारण मी एकटा काठावर राहीन.

म्हटलं, "जा. तुझे गुडघे चांगले आहेत, हे मला माहीत आहे."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो. बसणं मला आता येतं."

धक्क्यावर पोचवायला गेलो. कपडे वर खोचून ती सपासप पाण्यात शिरली, घरमालकिणीच्या भावाने हात पुढे केला तो न घेताच होडीत चढली. एकदा वळून पाहिलं. मी हात हलवला आणि तिला पुढे बघायला सांगितलं. होडी लहान होत गेली. तिच्या पलीकडे बेट, बेटावर पांढरा धूर उठावा तसे पक्षी. मी सुरूच्या सावलीत बसून राहिलो. दुपार मोठी होती. भिण्यासारखी मोठी होती, हेही लिहून ठेवतो. पूर्वी ही किती दुपारी माझ्यासाठी अशी बसली असेल, कोण जाणे.

ऊन उतरता उतरता होडी परतली. हिचं नाक उन्हाने लाल, केस सुटलेले, पाय खरचटलेले. वाळूवर उतरली ती बोलतच. पाणी इतकं नितळ की होडी हवेत तरंगतेय असं वाटतं. तळाशी गवत हलतं आणि त्यातून पिवळे मासे एकदम वळतात, सगळे एकदम, कुणी सांगितल्यासारखे. वर गेलं की कानठळ्या बसतात. पक्षी पायाखालून उठत नाहीत, माणसालाच वळसा घालावा लागतो. एका घरट्यात अंडं फुटत होतं आणि तिने ते शेवटपर्यंत पाहिलं.

बोलत बोलत आम्ही घरी आलो. बोलत बोलत जेवलो. आता ओसरीत आहोत, दिवेलागण झालीय. मी लिहितोय आणि ती अजून सांगतेय. दुकानात गिऱ्हाईक थांबलं की मी आयुष्यभर "आणखी काही?" असं विचारायचो. त्याचा अर्थ, आता आटपा.

आज ती मध्येच श्वास घ्यायला थांबली. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग?"